कोळी नको, चादर उलटून बघा

या महिन्याच्या टपालात एकच विषय फिरून फिरून आलाय. जानेवारीत आपल्याकडे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा आहे. ग्रीक पुराणातली एक कथा घ्यायची, तिचा नवा अर्थ लावायचा आणि त्यावर तीन दिवस उभा राहील असा कलामंडप करायचा. जागा ६ मीटर बाय ६ मीटर, उंची ४ मीटरच्या आत, आणि मैदानात खड्डा मारायचा नाही. स्पर्धकांनी पत्रं लिहिली हे समजू शकते. पण त्यांच्या काकांनी, वडिलांनी, एका मंडपवाल्यांनी आणि एका आजींनीही लिहिलंय. सोलापुरात कापडाचा विषय निघाला की कुणी गप्प बसत नाही. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न: ताई, मी चौथ्या वर्षाला आहे. आमच्या गटाने अरॅक्नीची कथा घेतली, कारण ती विणकरीण आणि आपलं गाव विणकरांचं. पाइपांचा १२ फुटी कोळी, आठ पायांच्या आठ कमानी आणि वर जेकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) जुन्या, छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांचं छत, म्हणजे छिद्रांची नक्षी जमिनीवर पडेल, असा आराखडा केलाय. सर म्हणतात, "दिसायला छान आहे, पण नवा अर्थ कुठाय?" नवा अर्थ लावायचा म्हणजे कथा किती बदलायची? आणि कोळी काढला तर लोकांना कळणार कसं?
(विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर: सर बरोबर बोलतात. विणकरणीची कोळीण होते हा त्या कथेचा शेवट आहे आणि तू नेमक्या शेवटालाच कमानी लावल्यास. शिवाय कोळी करून झालाय. लुईस बुर्ज्वा या शिल्पकर्तीने १९९९ मध्ये 'मामाँ' नावाची ९ मीटरहून उंच कोळीण केली. तिच्या पायांमधून माणसं ये-जा करतात. बुर्ज्वाची आई जुनी विणलेली भित्तिचित्रं दुरुस्त करायची, म्हणून लेकीच्या लेखी कोळीण म्हणजे फाटलेलं सांधणारी आई. याला म्हणतात नवा अर्थ. तिच्यापुढे तुमचा पाइपांचा कोळी गणपतीतल्या देखाव्यासारखा दिसेल, आणि परीक्षकांपैकी एकाने तरी 'मामाँ'चा फोटो पाहिलेला असणारच.

आधी कथा नीट वाच, मोबाइलवरची चार ओळींची नको. कथा ग्रीक असली तरी आपल्यापर्यंत ती सविस्तर आणली ओव्हिड या रोमन कवीने, लॅटिनमध्ये. त्याच्या 'मेटामॉर्फोसेस' या काव्याच्या सहाव्या भागात ती आहे. अरॅक्नी लिडियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली. राजाची नाही, सरदाराची नाही. बाप इडमॉन लोकर जांभळी रंगवणारा रंगारी, आई वारलेली. आपल्या साखर पेठेत सहज खपून गेलं असतं असं घर. तिचं काम बघायला वनदेवता यायच्या, आणि ओव्हिड मुद्दाम सांगतो की नुसतं तयार कापडच नाही, ते होताना बघायलाही मजा यायची. ज्याने माग चालताना पाहिलाय त्याला हे वाक्य पटेल. पोरीचं म्हणणं एवढंच की हे मला विणकामाची देवी अथीना हिने शिकवलेलं नाही. देवी म्हातारीच्या रूपात समजवायला येते, पोरगी ऐकत नाही, आणि मग दोन माग लागतात.

अथीना विणते देवांचा दरबार. मध्ये अथेन्स कुणाचं यावरून समुद्रदेव पॉसायडनशी झालेला तंटा, चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करणाऱ्या माणसांना झालेल्या शिक्षा, काठाला ऑलिव्हची पानं. अरॅक्नी विणते ते देवांनी बायकांना कसं फसवलं ते. बैल होऊन युरोपाला पळवणारा देवांचा राजा झ्यूस, हंस होऊन लीडाकडे गेलेला झ्यूस, सोन्याचा पाऊस होऊन डॅनीकडे गेलेला झ्यूस, आणि त्यानंतर इतर देवांचेही असेच उद्योग. काठाला फुलं आणि वेल.

आता इथे थांब. त्या कापडात अथीनाला खोट काढता आली नाही, असं कवी स्वच्छ सांगतो. तरी देवी ते कापड फाडते, हातातल्या धोट्याने पोरीच्या कपाळावर मारते, पोरगी गळफास लावून घेते, आणि मग देवी तिची कोळीण करते. लहानपणी आपल्याला 'गर्वाचं घर खाली' म्हणून ही गोष्ट सांगतात. मूळ वाचल्यावर ती एवढी सरळ राहत नाही. हरलेल्याचं कापड फाडायची गरजच काय होती?

म्हणून कथा किती बदलायची, याचं माझं उत्तर: अजिबात नाही. बघणाऱ्याला उभं कुठे करायचं, ते बदल. स्पेनच्या वेलाझ्केझने १६५० च्या दशकात हेच केलं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात ते चित्र आहे, सूत कातणाऱ्या बायकांचं. पुढे अंधारात उघड्या पोटरीची एक म्हातारी चरखा फिरवतेय, चाक इतकं वेगात की आरे दिसत नाहीत. उजवीकडे एक तरुण बाई पाठमोरी, सूत गुंडाळतेय. आणि मागे, पायऱ्या चढून वर, उजेडाच्या कोनाड्यात शिरस्त्राण घातलेली अथीना हात उगारून उभी आहे, तिच्या पलीकडे भिंतीवर अरॅक्नीचं कापड. देवी इतकी बारकी, इतकी मागे, की लोक कितीतरी काळ हे चित्र कारखान्याचंच समजत होते. त्यात अरॅक्नी आहे हे नीट उलगडायला विसावं शतक उजाडलं. चित्रकाराने कथेतलं काही काढलं नाही, पदरचं काही घातलं नाही. कामकरी बायका पुढे आणि देवी मागे, एवढंच ठरवलं. पुढे कोण, मागे कोण, आधी काय दिसणार, नंतर काय. हेच तर तुमच्या कॉलेजात शिकवतात.

तुझ्यासाठी माझ्या डोक्यात जे आलं ते सांगते, घ्यायचं तर घे. घरातली जेकार्डची चादर काढ आणि उलटी कर. एका बाजूला पांढऱ्यावर लाल मोर असेल तर दुसऱ्या बाजूला लालावर पांढरा मोर, आणि त्याचं तोंडही उलट दिशेला. एकच ताणा (उभे धागे), एकच बाणा (आडवे धागे), दोन चित्रं. अथीनाचं आणि अरॅक्नीचं कापड वेगवेगळं करूच नकोस. एकाच कापडाची भिंत कर. बाहेरून दरबार, आतून तोच दरबार उलटा. नवं डिझाइन काढायच्या फंदात पडू नकोस. माझे वडील पुठ्ठे पंच करायचे, म्हणून सांगते: पुठ्ठ्याच्या जेकार्डवर आडव्या धाग्यागणिक एक पुठ्ठा लागतो, तुमचं बजेट तिथेच संपेल. बाजारातली मोराची, वेलबुट्टीची चादर चालेल.

मग लोकांना कळणार कसं? आतल्या बाजूने जाड सुताच्या धावदोऱ्याने नावं घाल: युरोपा, लीडा, डॅनी. मोठ्या अक्षरांत, छातीच्या उंचीवर. आत उभं राहिलं की नावं वाचता येतात. बाहेरून तेच टाके दिसतात, पण अक्षरं उलटी, गाठी लोंबलेल्या, काही लागत नाही. दरबाराच्या बाजूने बघणाऱ्याला त्या बायकांची नावं दिसूनही वाचता येत नाहीत. याहून जास्त स्पष्टीकरणाचा बोर्ड लावलास तर मी परीक्षक असते तर गुण कापले असते.

आता दार. कारखान्यात गेलीस तर बघशील, दोन चादरींच्या मध्ये बाणा न घालता थोडा नुसता ताणा सोडतात, तो कापला की दोन्हीकडे दशा, म्हणजे सुट्या धाग्यांची झालर, होतात. तसाच ताणा सहा फूट लांब सोडून मागून घे. यंत्रमागावर कारागीर कुरकुर करेल, त्याची जास्तीची मजुरी आधी ठरव, नाहीतर हातमागवाल्याला गाठ. ती चादर वर टांगली की खाली उभ्या धाग्यांचा पडदा लोंबेल. त्यातून वाट काढत आत शिरायचं. धागे खाली मोकळेच ठेव, मूठ-मूठ धरून गाठी मार, पण खालच्या पट्टीला बांधू नकोस. पोरं पळत येतात, फासा राहता कामा नये. गर्दीत धागे तुटणार. तुटू दे, जोडू नकोस. तिसऱ्या दिवशी दाराला भगदाड पडलेलं असेल आणि ते पाडलं कुणी, हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेल. तुझ्या सरांना जो नवा अर्थ हवाय तो मला इथे दिसतो. कापड फाडायला देवीच लागते असं नाही.

पुठ्ठ्यांच्या छताचं मात्र तू कागदावरच ठरवलेलं दिसतंय. छिद्रातून येणारं ऊन म्हणजे सूर्याचं गोल चित्र असतं आणि ते अंतराबरोबर मोठं होतं, दर मीटरला सुमारे १ सेंटिमीटर. छत ३ मीटरवर असलं तर प्रत्येक छिद्राचा ३ सेंटिमीटरचा गोळा पडणार. पुठ्ठ्यावर छिद्रं जेमतेम काही मिलिमीटर अंतरावर असतात. सगळे गोळे एकमेकांवर चढून जमिनीवर नुसता धुरकट उजेड राहील, नक्षी कसली? पुठ्ठ्यांची माळ पश्चिमेला उभी टांग आणि तिच्यामागे वीतभर अंतरावर पांढरं मांजरपाट ताण. जानेवारीत दुपारनंतर ऊन तिरपं येतं, छिद्र न् छिद्र कापडावर उमटेल. उद्या दुपारी गच्चीवर एक पुठ्ठा नेऊन बघ, माझ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

आणखी एक. मधोमध एखाद्या म्हाताऱ्या विणकराला माग घेऊन बसवायचा विचार तू लिहिला नाहीस, पण कुणीतरी सुचवेल. करू नका. तीन दिवस माणसाला शोभेला बसवायचं आणि हातावर नारळ द्यायचा, हे मी बरेचदा पाहिलंय.

ग्रीक नावांना लोक बिचकतील, ही भीती सोड. सिद्धेश्वरांच्या यात्रेत आपण कथा बघत बसतो का? कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागलं, ही कथा. पण नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची फेरी होते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर होम होतो. कथा गावभर पसरलेली आणि पायांनी गाठायची. या गावाला आत शिरणं, वळणं, बाहेर पडणं बरोबर कळतं. तुमच्या ६ बाय ६ मध्येही अशीच चाल बसवा: सरळ आत नेऊ नका, आधी बाहेरून तीन बाजू चालवा, मग दार.

प्रश्न: बाळ, तुझं सदर माझी सून वाचून दाखवते. आमचे मालक हयातभर मागावर होते. नात कॉलेजातून आली आणि म्हणाली, एका देवीने विणकरणीला कोळी केलं, त्याचा मांडव घालायचाय. मला ते बरं नाही वाटलं. देव विणकराचं असं करतो का? आपल्या मार्कंडेयाची, भावनाऋषींची गोष्ट आहे की. ती सोडून परक्यांची कशाला?
(एक आजी, भद्रावती पेठ)

उत्तर: आजी, नमस्कार. माझ्या माहेरी घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि दुकानात कन्नड, तेव्हा भावनाऋषींची गोष्ट माझ्याही कानावर अम्माच्या तोंडूनच पडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मार्कंडेय ऋषींच्या यज्ञातून भावनाऋषी झाले, त्यांनी कमळाच्या देठातल्या तंतूंचं वस्त्र विणून देवांना दिलं, आणि पद्मशाली विणकर स्वतःला त्यांचे वंशज मानतात. देवांच्या अंगावरचं कापडच आपल्या माणसाने विणलं. यापुढे कोळ्याची गोष्ट करंटी वाटणारच.

पण नातीला परक्यांची गोष्ट स्पर्धेने दिलीय, तिने मागितलेली नाही. आणि मला विचाराल तर तिने तुमची गोष्ट या मांडवात आणूही नये. तशी पत्रं आलीत मला, "एका बाजूला अरॅक्नी, दुसऱ्या बाजूला मार्कंडेय, पूर्व-पश्चिम मिलाफ." असले मिलाफ फ्लेक्सवर बरे दिसतात. प्रत्यक्षात एक गोष्ट दुसरीचं नुसतं तोरण होते, आणि ज्या देवाचा रथ नारळी पौर्णिमेला पूर्व भागातून निघतो त्याला तीन दिवसांच्या प्रदर्शनात तोरण करू नये.

तरी तुमचा प्रश्न मला टाळता येत नाही: देव विणकराचं असं करतो का? आपल्या गोष्टीत विणकर कापड देतो आणि देव ते नेसतात. त्यांच्या गोष्टीत विणकरीण कापडात देवांबद्दल जे दिसलं ते घालते आणि देवी ते फाडते. दोन्हीकडे विणकाम देवांच्या तोडीचं, त्यात शंका नाही. फरक पडतो तो कापडावर काय काढलं यामुळे. भावनाऋषींच्या कापडावर काय नक्षी होती, हे अम्माने कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर नातीजवळ सांगून पाठवा, मला खरोखर ऐकायचंय.

आणि आजी, नातीला धावदोरा घालायला माणसं लागणार आहेत. हल्लीच्या पोरींचे टाके बघवत नाहीत. तुम्ही बसलात तर त्या मांडवाचं भलं होईल.

प्रश्न: मॅडम, आमचे माग आहेत. पुतण्या प्रदर्शनासाठी चादरी उसन्या मागतोय, नंतर परत देतो म्हणतो. खिळे ठोकले, रंग उडाला, भिजल्या, तर तो माल कोण घेणार? आणि आगीचं काय?
(कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर: काका, द्या, पण अटी घालून द्या.

पहिली अट, चादरीला एकही भोक पडता कामा नये. आयलेट नको, खिळा नको, तार आरपार नको. जुनी युक्ती आहे: चादरीच्या काठाजवळ आतून गुळगुळीत गोटा ठेवायचा, कापड त्याच्याभोवती गोळा करायचं आणि गळ्याशी सुती दोरी आवळायची. ती दोरी पाइपला बांधायची. ओढ जेवढी वाढेल तेवढी गाठ घट्ट, आणि सोडल्यावर इस्त्रीने जाईल एवढी सुरकुती राहते. गोटा सुपारीएवढा तरी हवा, लहान असला तर निसटतो. एका काठाला चार-पाच ठिकाणी बांधा, फक्त दोन कोपऱ्यांवर टांगली तर चादर स्वतःच्या वजनाने मध्ये झोळ खाते आणि तो ताण कापडात कायमचा बसतो.

रंगाची काळजी मेमध्ये केली असती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, तेव्हा मी कुणालाच चांगलं कापड उघड्यावर लावू देत नाही. जानेवारीच्या तीन दिवसांत पक्क्या रंगाला काही होत नाही. पावसाचं म्हणाल तर त्या महिन्यात आपल्याकडे क्वचित. पण पुतण्याला एक चादर कोरडी आणि एक पाण्यात बुडवून काढलेली, अशा दोन्ही तुमच्या वजनकाट्यावर ठेवून दाखवा. सुती माल पाणी किती पितो हे आकड्यात बघितलं की तो सांगाड्याचे पाइप आपोआप जाड घेईल. धूळ मात्र बसणार. मैदानातली धूळ झटकूनच घडी घालायची, धूळ आत घेऊन घडी घातली की घडीवर रेघ उमटते.

आग. तात्पुरत्या मंडपांसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे, अग्निशमनवाले परवानगीच्या वेळी त्या अंगानेच बघतात. सुती कापड बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून वाळवलं की पटकन पेट घेत नाही, पण धुतलं की ते उतरतं आणि तसा माल तुम्हाला नवा म्हणून विकता येणार नाही. म्हणून सगळ्या चादरी बुडवू नका. जिथून वायर जाते तिथल्या तेवढ्या बुडवा आणि त्या पुतण्याच्या नावावर लिहा. बाकीच्यांपासून वायर लांब, दिवे एलईडी, हॅलोजन एकही नाही, जनरेटर बाहेर. अगरबत्ती लावून उद्घाटन करायची हौस असेल तर ती रस्त्यावर करावी.

आणि परतीचा माल मोजून घेताना पुतण्याला समोर उभा करा. नातं वेगळं, चलन वेगळं.

प्रश्न: आपण मांडववाले आहोत. पोरं येऊन म्हणतात, खड्डा न मारता कापडाची भिंत उभी करा. वाऱ्याला पडली तर नाव आमचं जाणार. बांबू घ्यावा का पाइप? वजन किती टाकावं?
(मंडप काँट्रॅक्टर, होटगी रोड)

उत्तर: दादा, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा, मी फक्त आकडे देते. वारा ताशी ३६ किलोमीटरचा असला तर सपाट भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ६ किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला, ७२ झाला, की रेटा चौपट, म्हणजे २४ किलो. ६ मीटर लांब आणि ३ मीटर उंच चादरींची एक भिंत १८ चौरस मीटरची. म्हणजे १०८ किलो ते ४३२ किलो. आणि तो रेटा भिंतीच्या अर्ध्या उंचीवर बसतो, म्हणून पायाशी नुसतं वजन ठेवून भागत नाही, ते उलटतं. दोन्ही बाजूंना तिरपे टेके हवेत आणि त्यांचे पाय जमेल तेवढे लांब टाकायला हवेत. २०० लिटरचा पिंप पाण्याने भरला की २०० किलो, टेक्याच्या पायावर तो बसवा. वाळूच्या पोत्यांपेक्षा मला पिंप बरा वाटतो, काम झालं की नळी लावून रिकामा, आणि पोती फुटून मैदानात वाळू होत नाही.

पाइपच घ्या. बांबू मला आवडतो, पण इथे पाइपला क्लॅम्पने जोड पक्का राहतो आणि पोरांना तो स्वतः आवळता येतो. भिंत एकसंध करू देऊ नका. दर दोन चादरींमध्ये वीतभर फट ठेवा, वाऱ्याला जायला वाट हवी. चौकोन करताहेत हे चांगलं, चार भिंती एकमेकींना धरतात. एकटी सरळ भिंत मागितली तर सरळ नाही म्हणा. शेवटी हा ढोबळ हिशेब आहे, सही स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच घ्या, आणि तिची झेरॉक्स साइटवर असू द्या.

वारा सुटला की चादरी उतरवायच्या, हे कोण ठरवणार ते आधीच लिहून घ्या. विद्यार्थी कधीच उतरवत नाहीत, त्यांना फोटो काढायचे असतात.

प्रश्न: मुलगी या स्पर्धेत आहे. तीन दिवसांनी पाडायचं त्यासाठी एवढा खर्च आणि एवढी जागरणं! हे शिक्षण आहे का हौस?
(पालक, विजापूर रोड)

उत्तर: दोन्ही. लंडनमध्ये सर्पेंटाइन गॅलरीच्या अंगणात २००० सालापासून असे उन्हाळी मंडप होतात, पहिला वास्तुकार झाहा हदीद यांचा. काही महिने उभा, मग काढायचा. आपल्या मुंबईच्या बिजॉय जैन यांनी २०१६ मध्ये मेलबर्नला असाच एक मंडप केला, बांबूचा. बार्सिलोनात १९२९ च्या प्रदर्शनासाठी मीस फान देर रोहे यांनी उभारलेला जर्मन मंडप वर्षभरात मोडला गेला. नंतर पन्नासेक वर्षं विद्यार्थी तो नकाशांत आणि फोटोंत बघून शिकले, शेवटी १९८६ मध्ये तो त्याच जागी पुन्हा बांधावा लागला. तात्पुरतं म्हणजे बिनकामाचं, असं या धंद्यात तरी नाही.

खर्चाचं म्हणाल तर आराखडा बघा. चादरी परत जाणार, पाइप भाड्याचे, पिंप भाड्याचे, पुठ्ठे भंगारातले. खर्ची पडणार ते सूत, दोरी, मजुरी आणि चहा. तुमच्या मुलीच्या गटाचा अंदाज याहून फार वर गेला असेल तर त्यात कुठेतरी फायबरचा कोळी लपलाय, तो शोधा. प्रायोजकाचं फ्लेक्स लावायची वेळ आलीच तर ते चपला काढायच्या जागी लावायला सांगा. सगळे तिथे थांबतात, प्रायोजकही खूश राहतो, आणि भिंतीवर फक्त चादर राहते.

जागरणांवर माझ्याकडे उपाय नाही. डबा पाठवा, आणि पाठवाल तेव्हा मांडवात जागणाऱ्या दोन कामगारांचाही पाठवा.